आपलं काम व्हयनं, आते त्यानं

माझं माहेर शिंदखेडा तालुक्यातलं, सासर यावल तालुक्यातलं. माहेरी कोरडवाहू कपाशी आणि अहिराणी, सासरी केळीच्या बागा आणि लेवा गणबोली. पण जून उजाडला की दोन्हीकडची माणसं आभाळाकडे बघतात ती एकाच नजरेनं. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवण्यात जन्म गेला, २०२० साली निवृत्त झाले. ‘देवावर भार टाक’ हे लहानपणापासून ऐकत आले. त्यातला किती भार त्याच्यावर टाकायचा आणि किती आपण उचलायचा, हे कळायला मात्र साठी ओलांडावी लागली. जे कळलं ते ज्या क्रमानं कळलं त्याच क्रमानं लिहिते आहे.

१. पेरणं आपलं, पाऊस त्याचा

वडील धूळपेरणी करायचे. ज्यांनी पाहिली नसेल त्यांना सांगते. मे संपत आलेला असतो, मातीत पाय ठेवला तर पोळतो, आभाळात ढगाचा ठिपका नसतो आणि तेव्हा घरातलं बियाणं त्या फुफाट्यात टाकायचं. पाऊस वेळेवर आला तर पीक पंधरा दिवस पुढे. नाही आला तर बियाणं मुंग्यांचं.

आदल्या दिवशी अंगणात सरकी पसरलेली असायची. सरकीला कापसाचे बारीक तंतू चिकटलेले असतात, ते एकमेकांत गुंततात. म्हणून तिला शेणकाला लावून दोन्ही तळहातांनी चोळायची आणि मग उन्हात वाळवायची. वडिलांचे हात कोपरापर्यंत हिरवट व्हायचे. दाणा न् दाणा सुटा होईपर्यंत ते चोळत राहायचे. फुटका, पोचट दाणा दिसला की बाजूला. मी एकदा विचारलं, “आणि पानी उना नही तर?” त्यांनी वर न बघता उत्तर दिलं, “आपलं काम व्हयनं, आते त्यानं.” आपलं काम झालं, आता त्याचं.

१९७२ साली त्यानं ते काम केलं नाही. दोनदा पेरलं, दोनदा गेलं. मी दहा वर्षांची होते. आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची, तिकडून मिळालेली सुकडी पदराला बांधून आणायची. वडीलही खडी फोडायला गेले. देवाला त्यांनी बोल लावला नाही आणि त्याची बाजूही घेतली नाही. पुढच्या वर्षी मे महिन्यात उसनी आणलेली सरकी घेऊन ते पुन्हा अंगणात बसले आणि तितक्याच निगुतीनं चोळू लागले.

त्यांचं ते वाक्य मी खूप जणांना सांगितलं. ऐकणाऱ्याला बहुतेक वेळा त्याचा दुसरा अर्धा भाग आवडतो. वडिलांना तो म्हणायचा अधिकार होता, कारण पहिल्या अर्ध्या भागात त्यांनी कधी कसर ठेवली नव्हती.

२. भीतीला देवाचं नाव देऊ नये

हे लिहायला जड जातं, पण वगळलं तर बाकीचं खोटं ठरेल.

१९८६ सालची गोष्ट. माझी मुलगी दोन वर्षांची. संध्याकाळी ताप भरला, रात्री मान ताठ झाली, डोळे वर जाऊ लागले. घरात गाडी नव्हती, बाहेर पाऊस होता. मोठ्या माणसांनी अंगारा लावला, नवस बोलला. “सकाळपर्यंत बघू, देव आहे,” असं ठरलं. मी शिकलेली होते, शाळेतल्या मुलांना आरोग्याचे धडे देत होते, तरी गप्प राहिले. देवावर भरोसा आहे असं मनाला सांगितलं. खरं तर मला सासऱ्यांसमोर बोलायची भीती वाटत होती आणि त्या पावसात पोरीला घेऊन निघायचीही. दुसऱ्या दिवशी दुपारी दवाखाना गाठला. पोर वाचली, पण तिच्या डाव्या कानाला आजही ऐकू येत नाही.

देवानं मला त्या रात्री दोन पाय दिले होते, तोंड दिलं होतं. शेजारच्या वाड्यात बैलगाडी होती. माझ्या वाटणीचं काम मी त्याच्याकडे ढकललं आणि त्याला श्रद्धा म्हटलं. मुलगी आता चाळिशीची आहे. बोलताना उजवा कान पुढे करते. ती मान वळवते तेव्हा दर वेळी मला ती रात्र आठवते.

तेव्हापासून नवस बोलायचा असेल तर वाटेत, गाडीत बसून बोलायचा, असा माझा नेम आहे.

३. त्याच्याशी बोलायला काम थांबवावं लागत नाही

जळगावला लागून असलेल्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी तिसाव्या वर्षी विधवा झाल्या. पदरी लेकरं, हाताखाली शेत, अक्षराची ओळख नाही. जात्यावर आणि शेतात त्यांच्या तोंडून गाणी येत गेली. त्या गेल्या १९५१ साली आणि त्यांच्या गाण्यांचं पुस्तक निघालं १९५२ साली. मुलगा सोपानदेवांनी जपून ठेवलेली वही आचार्य अत्र्यांनी पाहिली नसती तर आपल्याला काहीच कळलं नसतं. मी ती गाणी वर्गात शिकवली तेव्हा मुलांना एक गोष्ट मुद्दाम दाखवायची. या बाईला देव सापडतो तो उगवणाऱ्या बीमध्ये, सुगरणीच्या खोप्यात, चुलीपाशी. त्याला भेटायला ती हातातलं काम टाकून कुठं गेलेली नाही.

माझ्या सासूबाई निरक्षर होत्या. केळीची पानं कापताना त्या पुटपुटायच्या. मला वाटायचं जप करतात. एकदा जवळ जाऊन ऐकलं तर त्या देवाला उधारीचा हिशोब सांगत होत्या. कोणाचे किती द्यायचे, कोणाकडून किती यायचे, सगळं.

४. बाग पडते तेव्हा बुंध्याशी बघावं

केळीचं खोड लाकडाचं नसतं. पानांचे देठ एकावर एक गुंडाळून ते झालेलं असतं आणि आत सगळं पाणी. त्याच्या डोक्यावर वीस-पंचवीस किलोंचा घड. आमच्याकडे मृगबाग जून-जुलैत लावतात, ती कापणीला येते पुढच्या मे-जूनमध्ये, म्हणजे घड पूर्ण भरलेला असतो नेमका तेव्हाच वावटळी सुटतात. केळीवाल्याचं वर्षभराचं नशीब त्या तीन-चार आठवड्यांत टांगलेलं असतं.

काही वर्षांपूर्वी मृगाच्या आधी एका संध्याकाळी सातपुड्याकडून धुळीची भिंत उठली. आम्ही ओसरीत उभे होतो. आधी पत्रे वाजले, मग बागेकडून आवाज यायला लागला. तो आवाज कसा असतो ते एकदा ऐकलेल्यालाच माहीत. ओल्या खोडाचा कचकच आवाज, एकामागून एक, जणू कोणी ओळीनं मोडत चाललंय. पंधरा मिनिटांत सगळं शांत. तीन एकर, एकरी सतराशे खोडं, त्यातली उभी राहिली ती बोटांवर मोजण्याइतकी. व्यापारी आठ दिवसांनी गाडी लावणार होता.

यांनी त्या रात्री जेवण केलं नाही. मी माहेरी फोन लावला. आई तेव्हा हयात होती. मी रडायला लागले तशी ती म्हणाली, “आधी जेवी ले, मंग रड.” मी खरंच जेवले. मग रडले.

सकाळी सालदाराबरोबर बागेत गेलो. पाय ठेवायला जागा नव्हती. घड मातीत रुतलेले, तुटक्या खोडांतून चीक गळत होता, कपड्यांवर त्याचे काळे डाग पडत होते. सालदार वाकून एकेका बुंध्याशी बघत चालला होता. मला वाटलं, घड वाचलेत का ते बघतोय. तो म्हणाला, “बाई, पिल शाबूत आहेत.” प्रत्येक पडलेल्या झाडाच्या बुडाशी एक पील उभं होतं. गुडघ्याएवढं, काही मांडीएवढं, पानांची सुरळी घट्ट मिटलेली. वारं त्यांच्या डोक्यावरून गेलं होतं.

आता यातलं बारकं सांगते, कारण मला त्यातच अर्थ दिसतो. केळीला पिलं सारखी फुटत असतात आणि आपण ती विळ्यानं कापत असतो, कारण ती आईचं अन्न खातात. घड निसवला की मात्र एक जोमदार पील राखायचं, पुढच्या पिलबागेसाठी. ते पील वादळाच्या आधीच राखलेलं होतं. संकट आलं म्हणून कोणी ते रातोरात पाठवलं नव्हतं. आम्ही आदल्या रात्री “देवा, आता तू काहीतरी कर” म्हणत होतो आणि त्यानं करून ठेवलेलं आमच्याच बांधात उभं होतं.

त्यानंतर संकट आलं की मी आधी बुंध्याशी बघते. नवीन चमत्कार मागायच्या आधी जुनं काय शाबूत आहे ते मोजते. पिलबागेनं आमचं सगळं कर्ज फेडलं असं मी म्हणणार नाही, निम्मं फेडलं. उरलेल्या निम्म्याला तीन वर्षं लागली आणि त्यात माझे दोन दागिने गेले.

५. वारी एसटीनंही होते

मुक्ताबाई आमच्या मातीत, तापीकाठी, विजेच्या कडकडाटात अंतर्धान पावल्या, १२९७ साली, असं परंपरा सांगते. आईबापांविना वाढलेली, गावानं वाळीत टाकलेल्या घरातली ही पोर. कोथळी-मुक्ताईनगरहून तिची पालखी पंढरपूरला निघते ती महिनाभराहून जास्त चालते. २०२० साली, करोनात, ती पालखी मोजक्या माणसांबरोबर एसटीनं गेली. आमच्या गावातल्या एका म्हाताऱ्या वारकरीणबाईंनी घराच्या ओट्यावर वीणा घेऊन रोज तितकाच वेळ उभं राहायचं ठरवलं, जितका वेळ त्या चालल्या असत्या. मी त्यांना पाणी नेऊन द्यायची. एवढंच सांगायचं होतं.

६. ‘देवानं माझं ऐकलं’ असं म्हणू नये

एप्रिल २०२१. आमचे हे आणि माझे धाकटे दीर, दोघांना एकाच आठवड्यात जळगावला एका दवाखान्यात दाखल केलं. एकाच वॉर्डात, मधे चार खाटा. आम्हा जावांना आत सोडत नव्हते. रस्त्यापलीकडे कडुनिंब होता, त्याच्याखाली आमच्यासारखी पंचवीस-तीस माणसं दिवसरात्र बसून असायची. दुपारी बाहेर रणरणतं ऊन, निंबाच्या सावलीबरोबर माणसं सरकायची. दिवसातून दोनदा आतून एक मुलगी यायची आणि चिठ्ठीवरचा ऑक्सिजनचा आकडा सांगायची. यांचा ८८, भाऊजींचा ८४. यांचा ८६, भाऊजींचा ८५. आम्ही तो आकडा हाताच्या तळव्यावर पेनानं लिहायचो, कागद हरवेल म्हणून.

आम्हा दोघींकडे एकच पोथी होती. सकाळी ती वाचायची, संध्याकाळी मी. एकाच वातीला दोघी हात जोडायचो. सांगायचं कारण हे, की मागणं एकच होतं. माझी भक्ती तिच्यापेक्षा कणभरही जास्त नव्हती. तिची जास्त असेल.

रोज दुपारी एक माणूस मोटारसायकलवर पाटी बांधून खिचडीची पाकिटं घेऊन यायचा. तोंडाला रुमाल, डोळे तेवढे दिसायचे. नाव विचारलं तर म्हणायचा, “माय, जेव आधी.” अजूनही मला तो कोण ते माहीत नाही. आईचंच वाक्य होतं ते. आई जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती.

नवव्या दिवशी भाऊजी गेले. चौदाव्या दिवशी हे घरी आले.

भेटायला येणारे ओट्यावर बसून मला म्हणायचे, “वहिनी, देवानं तुमचं ऐकलं हो.” एक दिवस जाऊ चहाचे कप घेऊन दारात आली तेव्हाच कोणीतरी हे म्हणालं. तिच्या हातातला ट्रे हलला नाही. ती नुसती थांबली. मग तिनं सगळ्यांना चहा दिला, मलाही दिला आणि आत गेली.

त्या दिवसापासून ते वाक्य माझ्या तोंडातून गेलं. यांचं घरी येणं ही देवाची कृपा मी मानते, रोज मानते, रोज हात जोडते. पण माझ्या प्रार्थनेचं ते फळ होतं असं मी म्हटलं, तर तिच्या प्रार्थनेचं काय झालं हे मला सांगावं लागेल. ते मला सांगता येत नाही. मला माहीत नाही. पन्नास वर्षं देव देव करून एवढं एक मी शिकले की माहीत नसलेल्या गोष्टीवर बोलून दुसऱ्याचं दुःख वाढवू नये.

जावेनं देवघरात दिवा लावणं सोडलं. मी तिला काही म्हटलं नाही. माझ्या देवघरात मी दोन वाती लावायला लागले. पुढच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तिनं स्वतः बाजारातून मातीची घागर आणली, भाऊजींच्या नावानं भरली, वर खरबूज ठेवलं, सांजोरी ठेवली. मग माझ्याकडे काडेपेटी मागितली. मी दिली. दिवा लावून ती बराच वेळ तिथंच बसून राहिली आणि मी स्वयंपाकघरात आमरसासाठी कोयी पिळत राहिले.

७. एका वेळी एकच रविवार

यांना घरी आणलं तरी फुप्फुसं कमकुवत राहिली. पुढे काय, कोणी सांगेना. डॉक्टर म्हणायचे, दोन महिन्यांनी बघू. त्या दिवसांत मला झोप लागायची नाही. मन सारखं पुढचं वर्ष, त्याच्या पुढचं वर्ष, शेती कोण बघेल, मुलाचं कसं होईल, असं धावायचं.

तेव्हा कपाटातून ‘गीता प्रवचने’ काढलं. धुळ्याला डी.एड. करताना घेतलेली प्रत होती. विनोबांनी ही प्रवचनं दिली ती धुळ्याच्याच तुरुंगात, १९३२ साली, २१ फेब्रुवारीला सुरू करून १९ जूनला संपवली. दर रविवारी एक अध्याय. अठरा अध्याय, अठरा रविवार, खाडा नाही. त्याच तुरुंगात साने गुरुजी होते, अमळनेरच्या प्रताप विद्यालयातली मास्तरकी सोडून सत्याग्रहात उतरलेले. त्यांनी ती उतरून घेतली म्हणून आपल्या हाती आहेत. हे मला शिक्षिका म्हणून माहीत होतं, परीक्षेतही विचारायचे. पण त्या उन्हाळ्यात मी वेगळ्या नजरेनं पाहिलं. बाहेर देशाचं काय होणार, कोण कधी सुटणार, कोणाला पुन्हा पकडणार, याचा पत्ता नव्हता. अशा वेळी या माणसानं काय केलं, तर येणारा रविवार घेतला. त्या रविवारी त्या रविवारचा अध्याय.

मीही तसंच वाचलं. रविवारी सकाळी एक अध्याय, यांच्या खाटेशेजारी बसून, मोठ्यानं. मधल्या सहा दिवसांत पुढचं पान उलटायचं नाही, असं ठरवलं. पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात हात शिवशिवायचे. नंतर सवय झाली. नवव्या अध्यायापाशी योगक्षेमाचं वचन येतं. योग म्हणजे नाही ते मिळणं, क्षेम म्हणजे आहे ते टिकणं, असं आमच्या संस्कृतच्या बाईंनी शिकवलं होतं. मी आयुष्यभर योग मागत आले होते. त्या रविवारी यांचा श्वास ऐकत बसले असताना पहिल्यांदा वाटलं, क्षेम हेही देणंच आहे आणि त्याची पावती मी कधी दिली नाही. अठराव्या रविवारी हे काठी न घेता अंगणात तुळशीपर्यंत चालत गेले. दम लागला, पण गेले.

८. मूठ आधी मोजून ठेवावी

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशात घरोघरी कानबाई बसते. नारळाची देवी, तिला नथ, तिला शालू, रात्रभर जागर, सोमवारी विसर्जन. तिच्या रोटासाठी गहू मोजायची रीत आहे. आमच्याकडे घरातल्या पुरुषांमागे सव्वा मूठ. यात लेकीबाळींची मूठ धरत नाहीत, हे मला कधी पटलं नाही. मी माझ्या मुलीची मूठ तिचा तो कान आठवून दर वर्षी घालते. सासूबाईंनी एकदा पाहिलं होतं. त्यांनी सूप हलवून गहू सारखे केले, म्हणजे वेगळी मूठ दिसू नये.

मुलगा पुण्याला असतो. चार महिन्यांपूर्वी त्याची नोकरी गेली. मुलाखती चालू आहेत. परवा फोनवर म्हणाला, “आई, या वर्षी कानबाईला जमेलसं वाटत नाही, तू माझं धरू नकोस.” आवाज खाली गेलेला होता. मी त्याला उपदेश केला नाही. जेवलास का विचारलं. नाही म्हणाला. म्हटलं, जेव आधी.

आज दुपारी जाऊ आणि मी ओसरीत गहू निवडायला बसलो. खडे काढले, काडीकचरा पाखडला. मग मापायला घेतलं. यांची सव्वा मूठ. जावेच्या मुलाची सव्वा मूठ, ती तिनं स्वतः घातली. माझ्या मुलीची. मुलाच्या पाळीला जाऊ माझ्याकडे बघायला लागली. मी मूठ भरली, वरचे चार दाणे ओघळले ते उचलून परत घातले आणि वरची पाव मूठ जरा सढळ घेतली. उद्या सकाळी चक्कीवाला आधी जातं धुऊन घेईल, मग आपले गहू घेईल, असं त्यानं कबूल केलंय.